तुझ्या कुर्त्याचं कापड मिळालं

प्रिय नीते,

दादाच्या लग्नात घालायला चांगलं सुती काही मिळेल का विचारत होतीस ना, तर मिळालंय! पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर छोटं दुकान आहे, दोन कपाटं आणि एक बाक एवढंच, पण दुकानवाल्या काकू स्वतः कच्छला जाऊन माल आणतात आणि घाई नसेल तर प्रत्येक तागा उलगडून दाखवतात.

मी काला कॉटन घेतलंय. कच्छचा जुना देशी कापूस, नुसत्या पावसावर येतो, फवारणी जवळपास लागतच नाही. तंतू आखूड म्हणून गिरण्यांना नको होता, त्यांना लांब धाग्याचा हवा, म्हणून तो मागे पडला आणि आता कच्छमधल्या भुजोडी गावचे विणकर हातमागावर परत विणतायत. हाताला जरा खरखरीत लागतं पण धुवून धुवून इतकं मऊ होतं ना, काकूंच्या अंगावरचा जुना कुर्ता मी मुद्दाम हात लावून बघितला.

काकूंनी हातमागाची खूण म्हणून काठाला बारीक भोकं दाखवली, विणताना कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ताणून धरतात त्याची. पण नुसत्या भोकांवर जायचं नाही, पॉवरलूमच्या कापडालाही कधीकधी असतात असं त्याच म्हणाल्या. मग सुतीच आहे ना हे बघायला एक धागा काढून जाळला, कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरडली गेली, पॉलिस्टर असतं तर वितळून कडक गोळी झाली असती. मॉलमध्ये टॅगवर हिरवं पान छापतात आणि आतल्या लेबलवर निम्मं पॉलिस्टर, तिथे कोण धागा जाळून दाखवणारे?

अगं मला तिथे आपलं गावच आठवत होतं. आपण पऱ्हाटीत वाढलेल्या पोरी, ट्रॅक्टर भरभरून कापूस जिनिंगला जाताना बघितलाय, बाबांचं बियाण्याचं आणि फवारणीचं कर्ज बघितलंय, २००२ ला बीटी कापसाचं बियाणं आलं आणि देशी वाण आपल्या शिवारातून जवळपास गेलंच. आणि अंगावर काय घालतो आपण? म्हणून ४५० रुपये मीटर सांगितले तरी मी घासाघीस केली नाही. हातमागावर साधं कापडसुद्धा दिवसाला थोडेच मीटर होतं, त्याआधी ताणा, म्हणजे उभे धागे, लावण्यात दिवस जातात ते वेगळेच, त्या माणसाच्या मजुरीतून मी कशाला कमी करू.

तुझ्यासाठी निळं घेतलंय, खऱ्या नीळीचं. सुरुवातीला रंग हाताला लागेल, घाबरू नकोस. शिवायच्या आधी एकदा भिजवून घे, आटतं. वेगळंच धू, रिठ्याच्या पाण्यात, आणि सावलीत वाळव.

तीन मीटर घेतलंय. पूर्ण बाह्यांचा आणि लांब हवा असेल तर अजून अर्धा मीटर लागेल, त्या ताग्यात थोडंच उरलंय आणि काकूंनी शनिवारपर्यंत ठेवते म्हटलंय, तेवढं आधी कळव.

तुझीच,
सुमी