खोक्यावर गाडीचं चित्र छापलंत, आणि गाडीशी जोडायची सोयच काढून घेतलीत

दिनांक : १२ जानेवारी २०२६
तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : म्युझिक प्लेअर गाडीच्या स्टिरिओला न जोडला जाणे, आणि अपडेटनंतर 'यूएसबी मोड'ची सेटिंग नाहीशी होणे याबाबत.

महोदय,

मी झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळात ऑर्गन वाजवतो. पावसाळ्यात धानाची शेती करतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर ऑर्गनवर बसतो. तुमच्या कस्टमर केअरमधल्या मुलांना मी प्रत्येक वेळी "नाटकाचा सीझन चालू आहे" म्हणालो, तर त्यांना ते कळलं नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, पीक हाती आलं की गावोगाव नाटकं लागतात. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. प्रयोग रात्री दहाच्या पुढे उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्यासारख्या शेकडो लोकांचं घर या चार-पाच महिन्यांच्या कमाईवर चालतं. त्यामुळे गाडीत गाणं वाजलं नाही, तर आमच्या कामाचंच नुकसान होतं.

आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी असा आमचा फेरा असतो. नवीन नट-नटी, त्यातले काही थेट मुंबईहून आलेले, यांना पदं पाठ करायला वेळ मिळतो तो गाडीतच. मी प्रत्येक पद ज्याच्या-त्याच्या पट्टीत ऑर्गनवर वाजवून रेकॉर्ड करतो. कोणाला काळी एक, कोणाला काळी चार (ऑर्गनच्या काळ्या-पांढऱ्या कळांवरून आम्ही पट्टीला नाव देतो). गाडी निघाली की ते लावायचं, सगळ्यांनी ऐकायचं, सोबत म्हणायचं. आधी हे काम मोबाइलवर करायचो. पण पद रंगात आलं की नेमका कोणाचा तरी फोन येतो, आणि प्रयोगाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत बॅटरी संपते. इंटरनेटवरून गाणं लावायचं म्हटलं, तर नागभीड, सिंदेवाहीकडच्या जंगलाच्या रस्त्याला रेंज टिकत नाही. म्हणून वेगळा प्लेअर घ्यायचं ठरवलं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानातून तुमचा प्लेअर ६,४९० रुपयांना आणि तुमचंच 'कार किट' ८९० रुपयांना घेतलं. किटमध्ये लायटरच्या सॉकेटात बसणारा चार्जर आणि ऑक्सची वायर, म्हणजे प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून आवाज स्टिरिओत नेणारी वायर, आहे. प्लेअरच्या खोक्यावर गाडीच्या डॅशबोर्डचं चित्र आहे आणि खाली लिहिलं आहे की हा कोणत्याही कार स्टिरिओला जोडता येतो. मी तो त्या ओळीवर विश्वास ठेवून घेतला.

मंडळाची गाडी जुनी बोलेरो आहे. तिच्यातल्या टेपाला (कॅसेट जाऊन कितीही वर्षं झाली तरी आमच्याकडे त्याला टेपच म्हणतात) पुढे यूएसबीचं तोंड आहे, ऑक्सचं भोक आहे, आणि ब्लूटूथही आहे, पण ते फक्त फोन घेण्यापुरतं. पेनड्राइव्ह लावला की गाणी लगेच सुरू होतात. तुमचा प्लेअर यूएसबीच्या वायरीने लावला, तर तो चार्ज व्हायला लागला आणि टेपावर फाइल नसल्याचा संदेश आला. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, या टेपाले तुमची डबी दिसूनच नाही राहिली." दोन महिने पाच फोन केले, पण यापेक्षा नेमकी माहिती मला तुमच्याकडून मिळाली नाही.

पहिल्या फोनला वायर खराब आहे म्हणून सांगितलं. मी २५० रुपयांची नवी वायर आणली. दुसऱ्याला कार्ड फॉरमॅट करा म्हणाले. तिसऱ्याला ब्लूटूथने जोडा म्हणाले. या टेपाचं ब्लूटूथ गाणी घेतच नाही, हे मी त्याआधी दोनदा सांगितलं होतं. चौथ्या फोनला सॉफ्टवेअर अपडेट करा म्हणाले. ते मी ब्रह्मपुरीला जाऊन करून घेतलं. पाचव्या फोनला उत्तर मिळालं, "सर, आपली गाडी जुनी आहे, प्रॉब्लेम गाडीत आहे."

दोष गाडीत नाही. तो कुठे आहे ते माझ्या पुतण्याने शोधून काढलं. तो आयटीआयला शिकतो. प्लेअर लॅपटॉपला लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की पेनड्राइव्ह लावला की जशी ड्राइव्ह दिसते तशी ती दिसत नाही, मीडिया डिव्हाइस म्हणून वेगळंच काही दिसतं. याला एमटीपी म्हणतात. या पद्धतीत मेमरीचा ताबा प्लेअरकडेच राहतो आणि समोरच्याने एकेक फाइल मागितली की तो ती काढून देतो. कॉम्प्युटरला असं मागता येतं. वायर अचानक ओढली गेली तरी कार्ड बिघडायची भीती कमी, हा त्याचा फायदाही मला मान्य आहे. पण गाडीच्या टेपाला ही भाषा येत नाही. त्याला फक्त 'मास स्टोरेज' कळतं, म्हणजे समोर आलेली मेमरी स्वतःच उघडून वाचायची. पेनड्राइव्ह चालतो तो त्यामुळेच.

तुमच्या माहितीपुस्तिकेत पान १४ वर 'यूएसबी मोड' नावाची सेटिंग छापली आहे. तिच्यात एमटीपी आणि मास स्टोरेज असे दोन पर्याय आहेत. माझ्या प्लेअरमध्ये ही सेटिंगच नाही. आमच्या मंडळातल्या तबलजीकडे हेच मॉडेल आहे. त्याने अपडेट केलेलं नाही, आणि त्याच्या प्लेअरमध्ये ती सेटिंग आहे. ४ जानेवारीला आम्ही त्याचा प्लेअर मास स्टोरेजवर ठेवून त्याच गाडीत, त्याच टेपाला, त्याच वायरीने लावला. गाणी वाजली. टेपाच्या बटणांनी पुढे-मागेही झाली. मग माझा प्लेअर लावला. पुन्हा फाइल नाही. याचा व्हिडिओ आमच्याकडे आहे.

म्हणजे जी सोय दाखवून तुम्ही वस्तू विकली, ती विकल्यानंतर अपडेटमधून काढून घेतली. आणि ते अपडेट करायला मला तुमच्याच माणसाने सांगितलं. त्याने चौथ्या फोनला अपडेटऐवजी पान १४ वाचून दाखवलं असतं, तर निदान निम्मं काम त्याच दिवशी झालं असतं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. बिघडलेली वस्तू बदलून मिळते. पण चांगल्या वस्तूतला भाग तुम्हीच काढून न्यायचा आणि वर गाडीला नाव ठेवायचं, हे मला पटत नाही.

कार्डाबद्दलही सांगायला हवं. माझं कार्ड १२८ जीबीचं आहे. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, आणि पुष्कळ जुने टेप फक्त फॅट-३२ वाचतात. तबलजीच्या प्लेअरमध्ये माझं कार्ड घातलं, तर तोही टेपावर दिसेना. ३२ जीबीचं घातल्यावर दिसला. आम्हाला ३२ जीबी रग्गड होतं, कारण साध्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे पाचशे तासांहून जास्त गाणी मावतात. पण कोणतं कार्ड घ्यावं हे खोक्यावर किंवा पुस्तिकेत एका ओळीत लिहिलं असतं, तर मी मोठ्या कार्डावर पैसे घातले नसते.

आता ऑक्सबद्दल. यूएसबी चालेना म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर आम्ही तुमच्या किटवर काढले. ऑक्सच्या वायरीने आवाज येतो, पण लायटरमध्ये चार्जर लावला की स्पीकरमधून 'सुंईऽऽ' असा बारीक आवाज सुरू होतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, गाडी हळू झाली की उतरतो. चार्जर काढला की थांबतो. गाडीचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीने कारण सांगितलं : प्लेअरला अर्थिंग एकदा चार्जरमधून आणि एकदा ऑक्सच्या वायरीतून, असं दोन वाटांनी मिळतं. तो फेरा पूर्ण झाला की अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची) लहर गाण्यात शिरते. म्हणजे दोन्ही वस्तू एकाच वेळी लावल्या की आवाज येणार, आणि तुम्ही त्या एकाच पाकिटात घालून विकता.

एखाद्याला वाटेल, एवढ्याशा आवाजाने काय होतं. डिसेंबरात एक नवीन नटी आमच्याकडे आली. तिला तीन पदं त्याच रात्री म्हणायची होती आणि हातात तासा-दीड तासाचा रस्ता होता. पट्टी काळी चार. प्लेअरची बॅटरी उतरली होती म्हणून चार्जर लावावाच लागला. ती मन लावून ऐकत होती, पण गाडी गिअर बदलेल तसा तो आवाज वर-खाली होत होता, आणि सुरावर सूर पक्का बसायच्या वेळी कानात दुसराच सूर येत होता. रात्री पहिलंच पद तिने अर्धा सूर वर उचललं. मी लगेच ऑर्गन पांढरी सहावर नेला, तबल्याला खूण केली, आणि प्रेक्षकांना काही कळलं नाही. पण अंतऱ्यात तिचा गळा ताणला गेला, आणि पुढच्या दोन पदांना तो मोकळा झाला नाही. आत आल्यावर ती रडली. तिची चूक नव्हती. पहिल्या रात्री माणसाचा जो धीर खचतो तो परत यायला किती दिवस लागतात, हे मी बावीस वर्षं बघत आलो आहे.

मग मिस्त्रीच्या सांगण्यावरून ३२० रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर मागवला. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाण्याचा सिग्नल पलीकडे जातो, पण दोन्हीकडच्या तारा एकमेकींना जोडल्या जात नाहीत. आवाज थांबला. खर्जाचे सूर थोडे हलके वाटतात, तरी काम भागतं. एवढी लहान वस्तू तुमच्या ८९० रुपयांच्या किटमध्ये का नाही?

मध्ये एकाने एफएम ट्रान्समीटर, म्हणजे प्लेअरचा आवाज टेपाच्या रेडिओवर पाठवणारी डबी, वापरा म्हणून सुचवलं, तेही करून पाहिलं. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये जागा मोकळी हवी. जंगलात ती मिळते, पण नागपूर जवळ आलं की स्टेशनं एकमेकांवर चढतात.

ऑक्स चालू झाला तरी यूएसबीचा आग्रह मी सोडणार नाही. ऑक्सवर गाणं बदलायचं तर प्लेअरच हातात घ्यावा लागतो. रात्री दोन-तीन वाजता, रस्त्यात रानडुक्कर नाहीतर नीलगाय कधी आडवी येईल सांगता येत नाही, अशा वेळी ड्रायव्हरने लहानशा पडद्याकडे बघावं असं मला वाटत नाही. यूएसबीने जोडला असता तर टेपाचं बटण न बघता दाबता येतं. आमच्या गाडीत आठ माणसं असतात.

सर्व्हिस सेंटर नागपूरला आहे. तिथे मी दोनदा एसटीने गेलो. एका प्रयोगाच्या जागरणानंतर सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत पुढच्या गावी पोहोचायचं. दुसऱ्या खेपेला त्यांनी प्लेअर हेडफोनवर वाजवून बघितला आणि "वस्तू ठीक आहे" असा शिक्का मारला. गाडीला जोडून बघा म्हटलं, तर तशी सोय नाही म्हणाले.

माझं मागणं असं आहे. मास स्टोरेजचा पर्याय परत देणारं अपडेट काढा, किंवा माझा प्लेअर जुन्या सॉफ्टवेअरवर नेऊन द्या. दोन्ही जमत नसेल, तर प्लेअरचे ६,४९० रुपये परत करा. किटचे ८९०, वायरीचे २५० आणि आयसोलेटरचे ३२० असे १,४६० रुपये मात्र काहीही केलं तरी द्यावेत. एसटीचं भाडं मी मागत नाही. आणि खोक्यावर कोणत्या टेपाला कसा जोडायचा, कार्ड कोणतं, चार्जर आणि ऑक्स एकत्र लावले तर काय होतं, हे मराठीत छापा. माझ्या पैशांइतकंच मला याचं वाटतं, कारण आमच्या भागातल्या आणखी तीन मंडळांनी माझ्याकडे बघून हाच प्लेअर घ्यायचं ठरवलं होतं आणि मी त्यांना थांबवून ठेवलं आहे.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवस मी वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, याची मी चौकशी करून ठेवली आहे. तिथे जायची वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं. तुमच्या प्लेअरचा आवाज चांगला आहे. हेडफोनवर ऑर्गनचा भाता ओढल्याचासुद्धा आवाज स्वच्छ ऐकू येतो. म्हणूनच तो परत करण्यापेक्षा दुरुस्त झालेला मला हवा आहे.

बिलाची प्रत, सर्व्हिस सेंटरच्या शिक्क्याचा कागद, पुस्तिकेतल्या पान १४ चा फोटो आणि दोन्ही प्लेअर एकाच गाडीत लावल्याचा व्हिडिओ असलेला पेनड्राइव्ह सोबत जोडला आहे. फोन करायचा असेल तर दुपारी दोननंतर करावा. सकाळी आम्ही प्रयोगाहून येऊन झोपलेले असतो.

आपला,
एक ग्राहक व ऑर्गनवादक