जेवणाची सुट्टी आमच्या चाकाला देणाऱ्या मादामना

आदरणीय मादाम,

आम्ही दोघं दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाकाठाने सायकलवरून समुद्रापर्यंत पोहोचलो, ते तुमच्यामुळे. आभार तिथेच मानले होते, पण घाईत आणि मोडक्या फ्रेंचमध्ये. म्हणून आता आमच्या भाषेत, सगळ्यांसमोर मानतो. फ्रेंच प्रत सोबत जोडली आहे.

तुलूझहून निघाल्यावर वाट गुळगुळीत डांबरी होती. पुढे माती आणि खडी सुरू झाली, मध्येमध्ये झाडांच्या मुळांनी उचललेली. कास्तेलनोदारीच्या पुढे समोरून ऑताँ नावाचा तिथला वारा सुटला होता, आणि तशातच माझ्या मागच्या चाकाचे स्पोक तुटले. चाक इतकं वाकडं झालं की ते फिरेना. तुटलेले स्पोक कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या, बाजूचे होते. ते बदलायला आधी कॅसेट खोलावा लागतो आणि त्याचं हत्यार सायकलवर सहसा कोणी बाळगत नाही. सामान नवऱ्याच्या सायकलवर लादून आम्ही तुम्ही सांभाळता त्या लॉकपर्यंत, म्हणजे बोटी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या हौदापर्यंत, चालत आलो, ते कार्कासोनहून ट्रेन पकडायची असं ठरवूनच.

तुमची जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. सकाळभर बोटी चढवून-उतरवून मिळालेला तो एक तास. तुम्ही चाक बघितलं, कुणाला तरी फोन लावला आणि चाक गाडीत टाकून निघालातसुद्धा! परत आलात तेव्हा दरवाजांपुढे बोट उभी होती, आणि तुम्ही न जेवता कामाला लागलात. हे मी विसरणार नाही.

चाक सकाळी मिळणार होतं. काठावर तंबू ठोकायची परवानगी नसते, म्हणून तुम्ही घरामागचं अंगण मोकळं करून दिलंत. टोमॅटो दिलेत, अंजिरं दिलीत. पण त्या संध्याकाळचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तुमचं बोलणं. आमच्या महाराष्ट्रात कालवा म्हणजे धरणाचं पाणी शेतापर्यंत नेणारा, उताराने वाहणारा. इथे बोटींना डोंगर ओलांडायचा. लॉकमधून बोट खाली उतरली की प्रत्येक वेळी वरचं हौदभर पाणी खाली जातं, मग माथ्यावर सतत पाणी येणार कुठून, हा प्रश्न तुम्ही हातवारे करून समजावलात. हा कालवा बांधणाऱ्या पिएर-पॉल रिके यांनी तो सोडवला. मोंतान्य न्वार डोंगराचे ओढे अडवून, साँ-फेरेओलचं धरण बांधून त्यांनी ते पाणी नोरूझला, कालव्याच्या माथ्यावर आणलं. तिथून ते दोन्हीकडे वाटलं जातं, एकीकडे अटलांटिकच्या दिशेला, दुसरीकडे भूमध्य समुद्राच्या. आदल्या दिवशी नोरूझवरून आम्ही झाडी सुंदर आहे एवढंच म्हणत पुढे गेलो होतो. रिके 1680 साली वारले आणि कालवा खुला झाला 1681 साली, हे सांगताना तुमचा आवाज घरचं माणूस गेल्यासारखा झाला होता.

लॉकच्या भिंती लंबगोल का, तर कमानीसारख्या वळणामुळे त्या बाजूच्या मातीचा रेटा सोसतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. पुढे प्रत्येक लॉकवर आम्ही थांबत गेलो. बेझिएजवळ फोंसरानला एकाला एक लागून असलेले हौद बघायला तर अख्खी दुपार दिली.

आणि काठावरची सावलीची प्लेनची झाडं. बुरशीच्या रोगामुळे 2006 पासून हजारो तोडावी लागली, हे वाचलं होतं. तुमच्या लॉकच्या खालच्या अंगाला काठ उघडा पडलाय, तिथे तुम्ही आम्हाला मुद्दाम नेलंत आणि नवी लावलेली रोपं दाखवलीत. त्या सावलीत तुम्ही लहानाच्या मोठ्या झालात, आणि या रोपांची सावली पडायला किती वर्षं लागतील हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी तुम्ही एकेका रोपाचा बुंधा वाकून तपासत होतात. आमचे डोळे भरून आले, ते तुम्हाला दिसलं असेलच.

ज्यांनी चाक दुरुस्त केलं त्या काकांनी फक्त स्पोकचे पैसे घेतले. त्यांना आमचा नमस्कार सांगा. चाक समुद्रकाठच्या सेतपर्यंत सरळ फिरलं, घरी आल्यावरही फिरतंय. सोबत तुमचा आणि रोपांचा फोटो पाठवतेय. पाठीमागे चाक धरून उभे आहेत ते काकाच. एक प्रत त्यांना द्या.

तुमचे ऋणी,
अंगणातल्या तंबूतले आम्ही दोघं