पायांतला ताल उसना नव्हे

बुटांच्या ठेक्यावर नाचले जाणारे टॅप नृत्य आणि ब्राझिलियन संगीत यांच्या मेळाला ‘फ्युजनची हौस’ ठरवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हे मत पटले नाही. दोन्हींचे एक मोठे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या तालात आहे. १७३९च्या स्टोनो येथील गुलामांच्या बंडानंतर अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात गुलामांना ढोल बाळगायला कायद्याने बंदी झाली. हातातला ताल पायांत उतरला, तो पुढे टॅपमध्ये आला. ब्राझीलच्या पेर्नाम्बुको राज्यात आर्कोव्हेर्दे गावचे ‘कोको’ या लोकनृत्याचे नर्तक आजही लाकडी खडावा घालून फळ्यांवर ठेका धरतात. तो खडखडाट एकदा ऐकावा, मग टॅपच्या बुटाला चवड्याखाली आणि टाचेखाली ठोकलेली धातूची पट्टी परकी वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे ब्राझिलियन नर्तक लिओनार्डो सँडोव्हल सांबा आणि टॅप एकत्र आणतात, तेव्हा नर्तक वादकांच्या साथीला नसतो, तो स्वतःच वादक असतो. कथकमधल्या पायांच्या तत्काराला दाद देणाऱ्या आपल्या रसिकांना हे वेगळे सांगायला नको. लेखात मात्र वेशभूषा आणि प्रकाशयोजनेवर दोन परिच्छेद आहेत, पायांच्या आवाजावर एक ओळही नाही.

– एक नृत्यप्रेमी वाचक, ठाणे