अभिजात दर्जा मिळाला, वर्ग कुठे आहेत?

महोदय,
३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पाली आणि प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले ते मराठीचे; बाकी दोघींची आठवण फारशी कोणाला झाली नाही. वास्तविक मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करताना आपण पुरावा म्हणून पुढे केली ती सातवाहन राजा हालाची ‘गाथासप्तशती’, आणि ती आहे महाराष्ट्री प्राकृतात. नाणेघाटातला शिलालेखही प्राकृत, लिपी ब्राह्मी. हे दोन्ही मुळातून वाचणारे उद्या मिळणार कुठून?

मी ज्या महाविद्यालयात अर्धमागधी ही प्राकृत भाषा शिकवत होतो, तिथे शेवटच्या वर्षी तीन विद्यार्थी होते. मी निवृत्त झाल्यावर पद भरलेच नाही. मध्यंतरी ग्रंथालयात डोकावलो, तर आमच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे याचा पत्ता नाही. (काचेतून माझाच जुना शब्दकोश दिसत होता!)

आता पदवीला भारतीय ज्ञान प्रणालीचे श्रेयांक घ्यावे लागतात. पण मूळ भाषेचा गंध नसताना अनुवादाच्या अनुवादावर तयार केलेल्या नोट्स पाठ करून कसले ज्ञान मिळणार? भांडारकर संस्थेतल्या विद्वानांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, ती हस्तलिखिते ताडून, ओळीमागून ओळ तपासून.

किमान विद्यार्थीसंख्येची अट पाली-प्राकृत या विषयांना निदान दहा वर्षे लावू नये आणि रिक्त पदे भरावीत. इतिहास व पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना प्राकृताचे एक सत्र दिले तरी तीनाचे तीस व्हायला वेळ लागणार नाही.

— एक निवृत्त प्राध्यापक, सातारा