व्हिडिओ पाठवला म्हणजे शिकवून झालं का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावातली. आमची द्राक्षबाग आहे, दोन मुलं, मोठी दहावीला आणि धाकटा आठवीत. ऑनलाईन अभ्यास चांगला का शाळा चांगली यावर पेपरात बरंच येतं, पण आता घराघरात दोन्ही एकत्रच चाललंय, आणि ते एकत्र कसं चालवायचं हे मात्र कुणीच बसून ठरवलेलं नाही म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यातली गोष्ट. धाकट्याच्या वर्गाच्या ग्रुपवर रात्री साडेसातला व्हिडिओ आला, चौकोनाची रचना, खाली लिहिलेलं 'बघून उद्या वहीत दोन रचना काढून आणा'. घरात चांगला फोन एकच, तो ह्यांच्याकडे, आणि छाटणीनंतर फवारण्या चालू असतात तेव्हा हे अंधार पडल्यावरच घरी येतात. जेवणं होऊन पोरगं बसलं तेव्हा नऊ वाजलेले. व्हिडिओतल्या मॅडमनी छान दाखवलेलं, आधी पाया काढा, मग कंपासनं कंस मारा, दुसरीकडून दुसरा कंस मारा, छेदतील तो बिंदू. ह्याची रचना काही केल्या मापात येईना. मागं घेऊन घेऊन पाच-सहा वेळा बघितलं, तितक्याच वेळा खोडलं, शेवटी पान फाटलं. मी बारावी आर्ट्स, मी तरी काय सांगणार. तसाच रडवेला होऊन झोपला. दुसऱ्या दिवशी सर बाकांमधून फिरत होते, त्यांनी वही नाही बघितली, ह्याचा हात बघितला आणि म्हणाले अरे तुझ्या कंपासचा स्क्रू ढिला आहे, कंस मारताना तो आपोआप फाकतोय. कागदाची बारीक घडी घालून घट्ट करून दिला आणि पुढची रचना पहिल्या फटक्यात आली. पोराला रात्रभर वाटत होतं आपल्याला भूमिती जमतच नाही.

तो स्क्रू व्हिडिओला दिसणार नव्हता. सर फिरले म्हणून दिसला, पण रोज असं फिरणं होत नाही. व्हिडिओ पाठवलाय ना, मग तो धडा झाला असं धरून पुढचा चालू होतो, आणि माझी खरी तक्रार हीच आहे.

व्हिडिओच नको असं मी अजिबात म्हणत नाही. मोठी मुलगी लाजाळू, साठ पोरांच्या वर्गात 'सर परत सांगा' हे तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. रासायनिक समीकरणं संतुलित करायचं ती घरीच शिकली, बालभारतीच्या पुस्तकावर क्यूआर कोड असतो तो स्कॅन केला की दीक्षा ॲपवर धडे उघडतात, तिथं एकेक पायरी थांबवून, वहीत करून, परत मागं जाऊन. वर्गात हे एवढं शांतपणे तिला कधीच जमलं नसतं. 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा ती पाचवीत होती, सह्याद्रीवर 'टिलीमिली' हा शाळेच्या धड्यांचा कार्यक्रम लागायचा, नेट नको काही नको, टीव्हीसमोर आम्ही दोघी बसायचो. तेव्हा तेवढा आधार होता. पण शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा जे बोलत सुटली ते वर्षभरात बोलली नव्हती.

2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणातही ऑनलाईन आणि वर्ग दोन्ही मिळून शिकवा असंच लिहिलंय. कॉलेजांसाठी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2021 ला मसुदा काढला होता, विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाईन घ्यायचा म्हणून. यामागचा विचार चांगला आहे, सांगायचं ते पोरांनी घरी ऐकून यायचं आणि वर्गातला वेळ करून बघायला, चुकायला, विचारायला मोकळा ठेवायचा. आमच्याकडे पहिलं अर्धं आलं, दुसरं अर्धं आलंच नाही.

आणि वेळेचं तर कुणी बघतच नाही. आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद, पोरं पुस्तक घेऊन बसतात. मला ते फार आवडलं. आपल्या गावात पण करूया असं मी बचत गटाच्या मीटिंगला काढलं तर पहिलाच प्रश्न आला, मग पोरांचा होमवर्क कधी बघायचा, शाळाच तर सात-साडेसातला पाठवते. मला उत्तर देता आलं नाही.

शिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांच्या मागं ऑनलाईन माहिती भरायची कामं किती असतात ते दिसतं. म्हणूनच हे वरून ठरलं पाहिजे. व्हिडिओ शाळा सुटायच्या आत पाठवावा, पाच-सात मिनिटांचाच असावा, बघायला निदान दोन दिवस द्यावेत कारण फोन पोराचा नसतो, घराचा असतो, आणि त्यानंतरच्या तासाला पहिली पंधरा मिनिटं फक्त त्यावर, कुणाचं कुठं अडलं ते बघत सरांनी बाकांमधून फिरायचं. ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांचं काय, तर आमच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही आहे, तो बराच वेळ कुलपात असतो. येत्या पालकसभेत आम्ही सात-आठ आया मिळून मागणार आहोत की मधल्या सुट्टीत तो उघडा, पोरांवर लक्ष ठेवायला आमच्यातली एकजण रोज येऊन बसेल.

एक पालक,
ता. तासगाव, जि. सांगली