माघारीआधी रसदीचा हिशोब

संपादक महोदय,

अफगाणिस्तानातील अमेरिकी माघारीची चर्चा अजूनही सैन्याच्या संख्येभोवतीच फिरते. कोणी म्हणते, आणखी काही वर्षे थांबायला हवे होते. कोणी म्हणते, दहा वर्षे आधीच निघायला हवे होते. मागे राहणाऱ्या फौजेला इंधन, पगार, दारूगोळा आणि सुटे भाग कोण पुरवणार, हे विचारले जात नाही आणि माझ्या मते सारे तिथेच फसले.

आधी संख्याच पाहू. बंडखोरी मोडून काढण्याबाबतच्या अमेरिकी लष्कराच्या 2006 च्या नियमपुस्तिकेत दर हजार लोकसंख्येमागे 20 जवान असे प्रमाण आहे. लोकसंख्या 3 कोटी धरली तर 6 लाख जवान लागतात. 2011 मध्ये परकीय सैन्य सुमारे 1 लाख 30 हजार होते, अफगाण सैनिक आणि पोलीस कागदावर 3 लाखांच्या आसपास. त्या कागदी आकड्यात ज्यांच्या नावाने पगार उचलला जाई, पण जे प्रत्यक्षात नव्हते, असे जवानही होते. साहजिकच मोहीम निवडक जिल्ह्यांपुरती राहिली. फेब्रुवारी 2010 मध्ये दक्षिणेकडच्या हेलमंड प्रांतातले मार्जा तालिबानकडून जिंकले गेले, पण तिथे चालेल असे प्रशासन उभे राहिले नाही. शिवाय जुलै 2011 पासून माघार सुरू होईल, हे डिसेंबर 2009 मध्येच जाहीर झाले होते. मग गावकऱ्याने सरकारला उघड साथ कशाच्या भरवशावर द्यायची?

खरी मेख अफगाण फौजेच्या बांधणीत होती. देशभर हजारो लहान चौक्या, प्रत्येकीत 10 ते 20 जण. रस्त्यांवर सुरुंग आणि दबा धरून बसलेले हल्लेखोर, त्यामुळे पाणी-दारूगोळा पोहोचवणे आणि जखमींना हलवणे हेलिकॉप्टरवर आले. हवाई दल मोडले की चौकी एकटी पडते. मग गावातले वडीलधारे मध्यस्थी करतात आणि शस्त्रे खाली ठेवली जातात. 2021 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यामागून जिल्हा असाच गेला.

हवाई दल का मोडले? अफगाण तंत्रज्ञांचा हात रशियन एमआय-17 हेलिकॉप्टरवर बसलेला होता. 2017 पासून त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे आणली गेली आणि त्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांकडे राहिली. अमेरिका आणि तालिबान यांच्यातील फेब्रुवारी 2020 च्या दोहा कराराने सैनिकांबरोबर प्रशिक्षक, सल्लागार आणि साहाय्यक सेवांचे कर्मचारीही 14 महिन्यांत बाहेर काढायचे ठरवले. करारात अफगाण सरकार पक्षकारच नव्हते. कंत्राटदार गेल्यावर दुरुस्तीचे मार्गदर्शन व्हिडिओ कॉलवरून होऊ लागले. जुलै 2021 च्या सुरुवातीला अमेरिकेचा बगराम हवाई तळ रिकामा झाला, 6 ऑगस्टला झारंज ही प्रांतिक राजधानी पडली आणि 15 ऑगस्टला काबूल.

याच भूमीवर सोव्हिएत सैन्य 15 फेब्रुवारी 1989 ला पूर्णपणे बाहेर पडले. मागे राहिलेले, सोव्हिएत पाठिंब्यावरचे नजीबुल्ला सरकार काही महिन्यांत कोसळेल असा बहुतेकांचा होरा होता. पण मार्च 1989 पासूनचा मुजाहिदीन बंडखोरांचा जलालाबादचा वेढा त्याच सरकारने परतवला, कारण सोव्हिएत सीमेकडून काबूलला येणाऱ्या सालंग घाटमार्गाने ट्रकांचे ताफे आणि विमानांतून माल येत राहिला आणि सरकारच्या बाजूने लढणाऱ्या जनरल दोस्तम यांच्यासारख्यांच्या टोळ्यांना पैसा मिळत राहिला. 1 जानेवारी 1992 पासून मॉस्कोकडून होणारा शस्त्रपुरवठा बंद झाला. इंधनाअभावी विमाने जमिनीवर राहिली, दोस्तम सरकारविरुद्ध फिरले आणि एप्रिलमध्ये सरकार गेले. त्या राजवटीची भलामण मला करायची नाही, पण तीन वर्षांचा हा फरक लष्करी अभ्यासकांनी दुर्लक्षावा असा नाही.

म्हणून पायदळ आधी आणि मेकॅनिक सर्वांत शेवटी, असाच क्रम ठेवायला हवा होता. एमआय-17 ताफ्यात ठेवून सुट्या भागांचा साठा करायचा, हजारो चौक्या गुंडाळून थोडी मोठी, महामार्गाने जोडलेली ठाणी राखायची आणि पगार बोटांचे ठसे तपासून थेट जवानाच्या खात्यात टाकायचा. यातले प्रत्येक काम जवान मायदेशी नेण्यापेक्षा वेळखाऊ आहे. 14 महिन्यांत ते होणारे नव्हते.

— एक वाचक