अनघाला पत्र: रोज थोडं थोडं

प्रिय अनघा,

तुझं पत्र मिळालं. धाकटीनं रेडिओथेरपीच्या, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करण्याच्या, पदवीला जायचं ठरवलंय, घरात सगळ्यांना धास्ती बसलीय, आणि खरं काय ते तुला माझ्याकडून ऐकायचंय. तू दोन गोष्टी विचारल्यास. हा अभ्यास नक्की कशाचा असतो, आणि रोज कॅन्सरचे रुग्ण बघून पोरगी खचणार तर नाही ना. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं असं मला आता याच पदवीच्या शेवटच्या वर्षाला आल्यावर वाटतं, म्हणून आधी अभ्यासाबद्दल लिहिते. पत्र लांबणार आहे, निवांत बसून वाच.

घरच्यांची समजूत अशी दिसते की ती मशीनची बटणं दाबायला शिकणार. बटण दाबणं हे आमच्या दिवसातलं सगळ्यात छोटं काम. किरण सुरू असतात ती काही मिनिटं. त्याआधी माणसाला टेबलावर कालच्यासारखंच झोपवायचं, मिलिमीटरच्या हिशोबानं, आणि हे पाच-सहा आठवडे रोज जमवायचं, यात खरं कसब आहे. शरीररचना, भौतिकशास्त्र, पेशींचं शास्त्र, रुग्णाशी बोलणं, हे सगळे विषय शेवटी याच कामाला येऊन मिळतात: ठरलेला डोस ठरलेल्या जागी, रोज, आणि शेजारच्या अवयवांना शक्य तितका कमी.

भौतिकशास्त्र सुरुवातीला अंगावर येतं, हे तिला आधीच सांगून ठेव. लिनॅकमध्ये, म्हणजे आमच्या किरण देण्याच्या मशीनमध्ये, इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवतात, ते धातूच्या लक्ष्यावर आदळतात आणि क्ष-किरण निघतात. छातीच्या साध्या एक्स-रेला लाख-सव्वा लाख व्होल्ट लागतात, इथे नेहमीच्या उपचाराला साठ लाख. एवढ्या ऊर्जेच्या किरणांचा सगळ्यात जास्त डोस कातडीवर पडतच नाही, कातडीखाली साधारण दीड सेंटिमीटरवर पडतो. हे पहिल्यांदा आलेखावर पाहिलं तेव्हा मी त्या वक्ररेषेकडे बघतच राहिले. जुन्या काळी खोलवरच्या गाठीपर्यंत किरण पोचवताना वरची कातडी भाजून निघायची. १९५१ साली कॅनडात कोबाल्टची मशीन सुरू झाली, १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिनॅकवर पहिला रुग्ण घेतला गेला, आणि तिथून ही अडचण मागे पडत गेली.

डोस मोजायचा ग्रे मध्ये. एक किलो ऊतीत एक जूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. रोजचा नेहमीचा डोस दोन ग्रे. आता गणित कर: दोन जूलनं एक किलो पाणी किती तापेल? अंशाचा दोन हजारावा भाग, बस. रुग्णाला काहीही जाणवत नाही ते यामुळेच. आणि तरीही तेवढ्याशा ऊर्जेनं पेशी मरतात, कारण ती ऊर्जा उष्णता म्हणून सगळीकडे पसरत नाही. ती डीएनएच्या अगदी जवळ, ठिपक्याठिपक्यांनी सुटते. पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून तयार झालेले मुक्त कण डीएनएचे धागे तोडतात. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले की दुरुस्ती अवघड होते. पेशी लगेच मरत नाही, पुढच्या विभाजनाच्या वेळी तिचा घात होतो. म्हणून गाठ उपचार संपल्यावरही कित्येक आठवडे आकसत राहते, आणि तेवढा काळ धीर धरायला रुग्णाला कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

मग हे एकदाच का उरकत नाहीत, असं तू फोनवर विचारलं होतंस. माझ्या मते हा या सगळ्या अभ्यासाचा गाभा आहे. पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी १९२० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. वृषणाला एकाच बैठकीत मोठा डोस देऊन मेंढा निर्बीज करायला जावं, तर वरच्या कातडीची वाट लागायची. तोच डोस दिवसांमध्ये वाटून दिल्यावर हेतू साधला आणि कातडीही वाचली. वृषणातल्या झपाट्यानं विभागणाऱ्या पेशी त्यांनी गाठीच्या जागी मानल्या होत्या, आणि कातडी म्हणजे आपल्याला जपायचा अवयव. तिथल्याच आँरी कुतार यांनी ही रीत घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर वापरली. आजचं आमचं वेळापत्रक, आठवड्यातले पाच दिवस, रोज थोडं, हे तिथून आलं.

कारण असं की निरोगी पेशींची दुरुस्तीची यंत्रणा सहसा शाबूत असते. दोन डोसांमध्ये निदान सहा तास मिळाले तर त्या बऱ्याचशा सावरतात. कॅन्सरच्या पेशींना हे तितकंसं जमत नाही. शिवाय गाठीच्या पोटात रक्तवाहिन्या नीट पोचलेल्या नसतात, तिथल्या पेशी ऑक्सिजनविना तगून असतात, आणि ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला जवळजवळ तिप्पट डोस लागतो. पहिल्या काही दिवसांत बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांपर्यंत ऑक्सिजन पोचायला लागतो आणि उद्याचा किरण त्यांना गाठतो. लुई हॅरॉल्ड ग्रे यांचं मोठं काम या ऑक्सिजनवरच होतं. डोसाच्या एककाला त्यांचं नाव १९७५ साली दिलं गेलं. परीक्षेसाठी हे सगळं पाठ होतं, पण टेबलावर झोपलेल्या माणसाकडे बघताना ते आठवलं की अंगावर काटा येतो. आज मी देते तो डोस उद्याच्या डोसासाठी वाट मोकळी करतोय, हे मला खरोखर दिसतं.

आणि म्हणूनच चुकलेला दिवस महागात पडतो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी जोरानं वाढायला लागतात. उपचार एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता एखाद्या टक्क्यानं घटते असं धरतात. नेमक्या त्याच सुमारास रुग्णाचं तोंड सोललेलं असतं, गिळता येत नाही, थकवा इतका की उठवत नाही. "आज राहू द्या, उद्या येतो," हे तो डॉक्टरांना सांगत नाही, कारण डॉक्टर आठवड्यातून एकदा भेटतात. सांगतो आम्हाला, टेबलावर चढता चढता. तेव्हा पेशींचं शास्त्र पक्कं ठाऊक असलेलं आणि माणसाशी बोलता येणारं, असं दोन्ही अंगांनी तयार झालेलं कुणीतरी समोर असावं लागतं. धाकटीनं नुसती हुशार असून भागणार नाही, नुसती प्रेमळ असूनही नाही.

तुझा दुसरा प्रश्न मी विसरले नाहीये, त्याच्याकडेच येतेय.

मानेच्या उपचारासाठी प्लास्टिकच्या जाळीचा मास्क करतात. गरम पाण्यात तो मऊ होतो, चेहऱ्यावर ताणून बसवला की काही मिनिटांत त्याच आकारात कडक होतो, आणि रोज उपचारावेळी टेबलाला अडकवायचा. डोकं तसूभर हलता कामा नये, मेंदूचा खालचा भाग आणि मज्जारज्जू हाकेच्या अंतरावर असतात. पोस्टिंगमध्ये, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणात, एक काका होते, मास्क लागला की त्यांचा श्वास अडकायचा. औषध देऊन गुंगीत ठेवावं असा विचार चालला होता. माझ्या सीनिअरनं आधी त्यांना नुसता मास्क हातात धरायला दिला. मग तोंडावर टेकवायचा आणि काढायचा, ते म्हणतील तेव्हा. उपचार सुरू झाल्यावर बाहेरून माइकवर ती त्यांच्याशी बोलत राहायची, किती वेळ राहिला ते सांगत. गुंगीचं औषध लागलं नाही. हे कौशल्य आम्हाला विषय म्हणून शिकवलं जातं, त्याला गुण असतात, आणि मला ते भौतिकशास्त्राइतकंच कठीण गेलं.

त्या खोलीत रुग्ण एकटा असतो, भिंती दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या, आणि आम्ही बाहेर पडद्यावर बघत असतो. कॅमेरा आणि माइक चालतोय की नाही हे रोज सकाळी आधी तपासायचं. यामागे एक प्रकरण आहे. थेराक-२५ नावाच्या मशीनवर १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस गेला. मुख्य दोष सॉफ्टवेअरचा होता. पडद्यावर बिघाडाचे संदेश वरचेवर यायचे, चालवणाऱ्यांना त्याची सवय झाली होती. भाजल्यासारखं झालं असं रुग्णानं सांगितल्यावर मशीनकडून तसं होणं शक्यच नाही, असं त्याला ऐकवलं गेलं. टेक्सासमधल्या एका घटनेच्या दिवशी तर खोलीतला कॅमेरा आणि माइक, दोन्ही चालू नव्हते. आमच्या सरांनी हे प्रकरण शिकवल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. रुग्ण काही वेगळं जाणवतंय म्हणाला की आधी थांबायचं, मग कारण शोधायचं, हे मी तिथे शिकले. ओळख पटवायचीही एक रीत आहे. "तुम्ही अमुक का?" असं विचारायचं नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा," असं विचारायचं. रोज. तोंडओळख झाली तरी रोज.

घरच्यांना तिच्या तब्येतीची भीती वाटत असेल तर सांग, त्या भीतीला इतिहास आहे, पण तो इतिहासच आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि पहिल्या पिढीतल्या कित्येकांनी बोटं, हात, प्राण गमावले. एडिसन यांचे सहाय्यक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली त्यातच गेले. हॅम्बुर्गला १९३६ साली या लोकांचं स्मारक उभारलं गेलं. आज प्रत्येकाच्या अंगावर डोस मोजणारा बॅज असतो, दार उघडलं की किरण आपोआप बंद पडतात. आणि बाहेरून किरण घेतलेला रुग्ण घरी किरण घेऊन जात नाही, त्यानं नातवंडांना खुशाल जवळ घ्यावं. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय, आणि दर वेळी समोरचा चेहरा सैल झालेला पाहिलाय.

आता खचण्याबद्दल. सगळे बरे होत नाहीत, हे खरं. काही रुग्ण येतात तेच हाडात पसरलेला आजार घेऊन. तिथे बरं करणं हा हेतू नसतो, दुखणं थांबवणं हा असतो. अशा हाडाला एकदाच, एका बैठकीत आठ ग्रे दिले तर वेदनेपुरता अनेक दिवसांच्या उपचाराइतकाच गुण येतो. काहींना नंतर पुन्हा द्यावे लागतात, पण दुखऱ्या शरीरानं रोज येण्याजाण्याचे हाल वाचतात. रोज थोडं थोडं, या आमच्या सगळ्या शास्त्राच्या उलट टोकाला हा उपचार आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. अभ्यासक्रमात तो उशिरा येतो, माझ्या हातात असतं तर पहिल्याच वर्षी शिकवला असता. कूस बदलताना ओरडणारी बाई काही आठवड्यांनी तपासणीला आली आणि रात्रभर झोप लागते म्हणाली, तेव्हा आपण काय शिकतोय हे मला पुस्तकापेक्षा जास्त कळलं.

मी रडले नाही असं नाही. पण खचले नाही, कारण हात रिकामे नसतात. आजचं काम आज नीट करायचं असतं आणि ते नीट झालं की नाही हे मोजता येतं. हतबल होऊन नुसतं बघत राहावं लागणं माणसाला जास्त पोखरतं, आणि ते नातेवाइकांच्या वाट्याला येतं, आमच्या नाही. तरीही तिला बोलायला कुणीतरी हवं. अभ्यासक्रम निवडताना विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक आहे का, पोस्टिंगमध्ये सोबत अनुभवी माणूस असतो का, हे तिनं विचारूनच प्रवेश घ्यावा.

आणखी एक. प्रवेश अर्ज भरण्याआधी परवानगी काढून एक दिवस एखाद्या रेडिओथेरपी विभागात तिनं नुसतं बसावं. मशीन बघायची नाही, वाट बघण्याची खोली बघायची. तिथे रोज भेटून ओळखीची झालेली माणसं एकमेकांना औषधाच्या वेळा आणि गिळायला सोप्या पदार्थांबद्दल सांगत असतात. तिथे तिला बसणं, ऐकणं जमलं, थांबावंसं वाटलं, तर जाऊ दे तिला. नाही वाटलं तर तेही चांगलंच, आत्ताच कळलेलं बरं. दरम्यान लॉगॅरिदम आणि व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झालं की किरणांची तीव्रता चौथाई होते, तो) पुन्हा घोटायला सांग, पहिल्या सत्रात त्यावाचून अडतं.

माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या मी तिच्यासाठी काढून ठेवते. परीक्षा संपली की येतेच आहे, तेव्हा तिला समोर बसव, आणि घरच्यांनाही. काकांचे प्रश्न सगळ्यात अवघड असणार हे मला माहीत आहे, ते लिहून ठेवायला सांग.

तुझी,
मुग्धा